मला काही प्रॉब्लेम नाही, पण...

गेल्या वर्षी मी एका माणसाला घर नाकारलं. घर माझं होतं, रिकामं होतं, भाडं त्याला परवडत होतं आणि खरं सांगायचं तर तो मला आवडलाही होता. तरीही मी नाही म्हणालो. आणि नाही म्हणताना जे वाक्य वापरलं ते मी स्वतः किमान चार वेळा ऐकलेलं होतं, चारही वेळा ऐकून हॉस्टेलच्या भाषेत शिव्या घातल्या होत्या. ‘मला काही प्रॉब्लेम नाही, पण सोसायटीवाले...’

हा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे. म्हणजे माझ्याही विरोधात आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी मूळचा बार्शीचा. इंजिनिअरिंगला पुण्यात आलो आणि इथेच नोकरीला लागलो. दहा वर्षांत पाच भाड्याची घरं झाली. मग सगळे घेतात तसं कर्ज काढून सिंहगड रस्त्याला वडगाव बुद्रुकमध्ये एक वन बीएचके घेतलं. रीसेल, ४१० चौरस फूट कार्पेट, ४२ लाख. त्यात राहायचं होतं. पण तेवढ्यात कंपनीनं वर्क फ्रॉम होम बंद केलं आणि हिंजवडीच्या ऑफिसात रोज यायला सांगितलं. वडगाव ते हिंजवडी आणि परत हा प्रवास रोज ज्यानं केलाय त्याला पुढचं सांगायला नको. तीन महिने केला. मग वाकडला एका मित्राच्या फ्लॅटमध्ये अर्धं भाडं देऊन राहायला गेलो आणि स्वतःचं घर भाड्यानं द्यायचं ठरवलं.

त्यामुळे आज मी एकाच वेळी भाडेकरू आहे आणि घरमालकही. महिन्याच्या पाच तारखेच्या आत एका फोनवरून भाडं जातं आणि त्याच फोनवर भाडं येतं. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढचं सगळं मी दोन्ही बाजूंनी बघून लिहितोय.

‘बसून पैसा’ नावाची थाप

रील्सवर एक पोरगा असतो. मागे पांढरा बोर्ड, हातात मार्कर. तो सांगतो की तिशीच्या आत एक फ्लॅट घ्या, भाड्यानं द्या, भाडेकरू तुमचा ईएमआय भरेल, तुम्ही झोपलेले असताना पैसे येतील. पॅसिव्ह इन्कम! त्या पोराला माझा हिशोब दाखवायचाय.

माझं कर्ज ३२ लाखांचं, २० वर्षांचं, साडेआठ टक्क्यांचं. हप्ता साधारण २७,८०० रुपये. भाडं १५,००० रुपये. म्हणजे भाडेकरू माझा ईएमआय भरत नाही, तो अर्ध्याला थोडासा हातभार लावतो. वर्षाचं भाडं १ लाख ८० हजार. त्यातून पहिल्या वर्षी घर एक महिना रिकामं राहिलं ते १५ हजार गेले. एजंटानं एका महिन्याचं भाडं घेतलं, आणखी १५ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना २ हजारांप्रमाणे २४ हजार. मालमत्ता कर ९ हजार. घरात स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिकेकडून जी ४० टक्के सवलत मिळते ती भाड्यानं दिल्यावर राहत नाही. बाथरूमची गळती खालच्या मजल्यावर उतरली, त्यात आणि रंगकामात १८ हजार. उरले ९९ हजार. ४२ लाखांवर हे सव्वादोन-अडीच टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी बसतं. बँकेतली मुदत ठेव याच्या दुपटीहून जास्त देते, आणि मुदत ठेवीचा नळ रात्री साडेअकराला तुटत नाही.

आता याच हिशोबात पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ आहे, म्हणून तो दिला. छोटा घरमालक हा श्रीमंत माणूस नसतो. तो कर्जात असतो. एक महिना घर रिकामं राहिलं तर त्याचं गणित कोलमडतं. म्हणून तो घाबरलेला असतो. आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात किल्ली दिली की तो काय करतो, हा खरा विषय आहे.

तो फोन

जाहिरात टाकली त्याच्या तिसऱ्या दिवशी एकाचा फोन आला. जवळच्याच एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. उदगीरचा. त्याची मराठी ऐकून मला एकदम गावाकडचं वाटलं, कारण आमच्याकडेही ‘का’च्या ऐवजी ‘की’ असाच हेल निघतो. लग्न झालेलं, बायको सहा महिन्यांनी येणार होती. घर बघायला आला तेव्हा चपला बाहेर काढून आला, ओट्याखालचा पाईप वाकून बघितला आणि म्हणाला, ‘सर, हा पाईप पावसाळ्याआधी बदलून घ्या, तुम्हालाच त्रास होईल.’ पहिला पगार कधी होतो, भाडं कधी देईन, सगळं नीट सांगितलं. मी मनात होय म्हणून टाकलं होतं.

संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन. वॉचमनच्या रजिस्टरात नाव लिहिलेलं असतं ना, ते त्यांनी वाचलं होतं. तो मुसलमान होता. सेक्रेटरी काका स्वभावानं वाईट नाहीत. मी नवीन आलो तेव्हा गॅसच्या ट्रान्सफरसाठी स्वतः माझ्याबरोबर आले होते. ते म्हणाले, ‘हे बघ, मला काही प्रॉब्लेम नाही, पण बाकीचे मेंबर्स ऑब्जेक्शन घेतील. तू नवीन आहेस. कशाला उगाच?’

मी म्हणालो, ‘बघतो काका.’

दोन दिवस फोन हातात घेऊन ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी त्याचाच मेसेज आला, ‘सर, ॲडव्हान्स पाठवू का?’ मग फोन केला आणि म्हणालो, ‘मला काही प्रॉब्लेम नाही, पण सोसायटीवाले थोडे...’

त्यानं मला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. शांतपणे म्हणाला, ‘समजलं सर. सांगितलंत ते बरं केलं. बरेच जण फोनच उचलत नाहीत.’

त्यानं माझे आभार मानले! मी शिव्यांची तयारी ठेवली होती, आभारांची नव्हती.

त्यानंतर एजंटानं एक नवरा-बायको आणले. दोघं नोकरी करणारे, सोसायटीला चालणारे. अकरा महिने राहिले, भाडं वेळेवर दिलं, जाताना घर पुसून दिलं. म्हणजे मला माझ्या कर्माची काही शिक्षा वगैरे झाली नाही. तसं झालं असतं तर हा लेख लिहायला फार सोपा गेला असता.

भीती खरी, पण जुनी

घर भाड्यानं देतोय म्हटल्यावर आमच्या घरातल्या प्रत्येकानं एक गोष्ट सांगितली. प्रत्येक घरात ती असते. कुणाचे तरी काका, दादरला किंवा सदाशिव पेठेत, भाडेकरू घुसला तो गेलाच नाही, काका गेले पण भाडेकरू तिथेच. ही गोष्ट खोटी नाही. मुंबईत भाडेनियंत्रण पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये आलं. मग १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला. गिरणगावात आणि पेठांमध्ये माणसं रस्त्यावर येऊ नयेत म्हणून भाडी गोठवली गेली, भाडेकरूला काढणं जवळपास अशक्य झालं. पन्नास वर्षांत त्याची पागडी झाली, मोडकळीला आलेले वाडे झाले, कोर्टात मुरलेली खानदानं झाली. आपल्या आई-वडिलांच्या पिढीचं भय तिथून आलेलं आहे.

पण ३१ मार्च २००० पासून राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्यातली दोन कलमं प्रत्येक नव्या घरमालकानं पाठ करावीत.

एक, कलम २४. आपण हल्ली करतो तो ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार. कायद्याच्या भाषेत माझ्याकडे राहणारा भाडेकरू नसतोच, तो परवानादार असतो. मुदत संपल्यावर त्यानं घर सोडलं नाही तर मी दिवाणी कोर्टात नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. तिथे आधी परवानगी काढल्याशिवाय त्याला बाजूही लढवता येत नाही. आणि जितके दिवस तो जास्त राहील तितक्या दिवसांची भरपाई ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दरानं. तिथेही तारखा पडतात, वकील लागतो, चपला झिजतात, हे मान्य. पण काकांच्या गोष्टीतला ‘तो आता कायमचा आत’ हा राक्षस या कायद्यात राहत नाही.

दोन, कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची. केली नाही तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरलं जाईल. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘अकरा महिन्यांचा करार असला की रजिस्टर करावा लागत नाही’ हे जे चहाच्या टपरीपासून टाऊनशिपपर्यंत सगळे सांगतात, ते महाराष्ट्रात चूक आहे. कितीही महिन्यांचा करा, नोंदणी लागते. खर्च काय? एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, त्यात अनामतीवरच्या धरलेल्या व्याजाची थोडी भर, आणि शहरात १,००० रुपये नोंदणी फी. आधार आणि अंगठा, घरबसल्या होतं.

पण लोक नोंदणी टाळतात. का? तर भाडं कागदावर आलं की कर लागेल. अहो, आयकराच्या हिशोबात घरभाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, कर्जाचं व्याजही वजा होतं. माझ्या कर्जाचं पहिल्या वर्षीचं व्याजच माझ्या भाड्याहून जास्त आहे. करपात्र काही उरतच नाही.

मुद्दा असा की कायदा घरमालकाच्या आळसाला शिक्षा करतो, चांगुलपणाला नाही. ज्यानं करार नोंदवला, पोलिसांना भाडेकरूची माहिती दिली, मुदत आणि अनामत स्पष्ट लिहिली, त्याला कायद्याचं बऱ्यापैकी संरक्षण आहे. ज्यानं हे काही केलं नाही आणि ‘आपल्यातला’ आहे म्हणून विश्वासानं किल्ली दिली, तो उघडा आहे. कलम २४ ला कुणाचं आडनाव लागत नाही. आपण मात्र उलटं करतो. करार नोंदवायचा कंटाळा, आणि आडनावाची चौकशी तीन फोन करून. सुरक्षेसाठी करतो असं म्हणतो, पण ज्यानं सुरक्षा मिळते ते करत नाही.

सोसायटी म्हणजे नेमकं कोण?

आता सोसायटीकडे येऊ. माझ्या पहिल्या मेंटेनन्सच्या बिलात भाड्यानं दिल्याबद्दल ‘नॉन ऑक्युपन्सी चार्जेस’ १,००० रुपये महिना लावलेले होते. मला ते जास्त वाटले. रात्री दीडपर्यंत बसून शोधलं. १ ऑगस्ट २००१ चा सरकारी आदेश सापडला: हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि ते मोजताना महापालिकेचे कर धरायचे नाहीत. प्रिंट काढली, पिवळ्या हायलायटरनं रेघा मारल्या, सेक्रेटरींना नेऊन दिली. पुढच्या बिलात १,००० चे दोनशेच्याही खाली आले. मित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला. सगळ्यांनी वाहवा केली. मीही दोन दिवस छाती काढून फिरलो.

त्याच शोधात सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी वाचले होते. त्यात लिहिलंय की घर लिव्ह अँड लायसन्सवर देण्यासाठी सभासदाला सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. बस्स. बॅचलर चालणार नाही, एकटी मुलगी चालणार नाही, मटण शिजवणारे चालणार नाहीत, अमुक धर्माचे चालणार नाहीत, हे त्यात कुठेच नाही.

हे मी वाचलं तेव्हा त्या टेक्निशियनला नाही म्हणून तीन आठवडे झाले होते.

हजार रुपयांसाठी मी रात्री दीडपर्यंत जागून सरकारी आदेश शोधला. माणसासाठी शोधला नाही. हे मला अजून पचत नाही, आणि पचू नये. सोसायटीशी भांडायची माझ्यात हिंमत नव्हती असं नाही. होती. ती फक्त माझ्या खिशासाठी राखून ठेवली होती.

शिवाय ‘बाकीचे मेंबर्स’ म्हणजे कोण ते मी नंतर विचारत गेलो. चेअरमन म्हणाले, मला काही नाही, पण सेक्रेटरींकडे लोक तक्रार करतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, मला काय करायचंय बाई, पण आमच्या ह्यांना आवडत नाही. ‘ह्यांनी’ सांगितलं, माझे ऑफिसात किती मुस्लिम मित्र आहेत, पण उद्या रीसेलला रेट पडतो म्हणतात. कोण म्हणतात? लोक. अठ्ठावीस फ्लॅट्सच्या इमारतीत मला एकही माणूस असा भेटला नाही जो स्वतःच्या तोंडानं म्हणाला, ‘होय, मलाच नकोय.’ तरी निर्णय झाला होता आणि अंमलातही आला होता. अंमल करणारा मी.

बडोद्यातले दोन मित्र

हे वाक्य नवं नाही. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया आणि लंडनमधून शिकून बडोदा संस्थानात नोकरीला गेले. राहायला कुठे जायचं? हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे माहीत होतं. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला लावली. शहरात दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिश्चन. दोघांनाही विचारलं. हिंदू मित्राला वाईट वाटलं, पण तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील, असं त्यानं सांगितलं. ख्रिश्चन मित्रानं बायकोला विचारावं लागेल असं सांगितलं. मग बाबासाहेबांनी सार्वजनिक बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. हा प्रसंग त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवला आहे.

मला या प्रसंगात काठीवाल्यांइतकेच ते दोन मित्र महत्त्वाचे वाटतात. एकाचे नोकर, एकाची बायको. दोघांनाही स्वतःला काही प्रॉब्लेम नव्हता. काठीवाले तरी समोर उभे राहिले, आपण कशासाठी आलोय ते त्यांनी लपवलं नाही. मित्रांनी मात्र नकार दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवला आणि स्वतः चांगले राहिले. शंभर वर्षांनंतर माझ्या जिभेवर जे वाक्य आलं ते काठीवाल्यांचं नाही. मित्रांचं आहे.

आणि इथे कायदा आपल्याला अडवत नाही. राज्यघटनेचं १५ वं कलम दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावं घेतं. भाड्याच्या घराचं नाव त्यात नाही. २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं आदर्श भाडे कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको, दुरुस्ती कुणी करायची, मुदतीनंतर राहिल्यास दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडं, हे सगळं त्यात आहे. कुणाला त्याच्या जन्मामुळे नाकारता येणार नाही, हे नाही. म्हणजे इथे माणसाला अडवणारं किंवा वाचवणारं शेवटी एकच आहे, किल्ली ज्याच्या हातात आहे तो.

‘माझं घर, माझी मर्जी’

या लेखावर काय प्रतिक्रिया येतील ते मला माहीत आहे, म्हणून आधीच बोलतो.

‘माझं घर आहे, कर्ज मी फेडतोय, मी ठरवणार.’ बरोबर. ठराव ना. पगाराची स्लिप बघ, आधीच्या घरमालकाला फोन कर, अनामत घे, भाडं थकलं तर काय ते करारात लिही. हे सगळे प्रश्न माणसाच्या वागण्याबद्दल आहेत, आणि त्यांची उत्तरं तो बदलू शकतो. आडनाव, धर्म, जात, लग्न झालंय की नाही, हे प्रश्न भाडं बुडेल की नाही याबद्दल काहीही सांगत नाहीत. उलट त्यांच्यामुळे खरे प्रश्न विचारायचे राहून जातात. मला वाकडच्या घरमालकानं मुलाखतीत आडनाव विचारलं, गाव विचारलं, गावात कुठे राहता तेही विचारलं. पगार विचारलाच नाही.

‘नॉनव्हेजचा वास येतो.’ माझ्या मजल्यावर बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी सुक्या बोंबलाचा वास येतो. तो एका मराठा कुटुंबातून येतो, ते मालक आहेत आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही. म्हणू पण नये.

‘ते लोक स्वतःच वेगळे राहतात.’ हे तर सगळ्यात निर्लज्ज. तो टेक्निशियन शेवटी कोंढव्याला राहायला गेला. हॉस्पिटलपासून लांब, रात्रपाळीनंतर गाडीवर. माझ्या सोसायटीनं नाही म्हटलं, आणखी किती जणांनी म्हटलं असेल कुणास ठाऊक. आणि उद्या हेच काका म्हणणार, बघा, ही माणसं एकत्रच राहतात, मिसळत नाहीत. आधी दार लावायचं आणि मग म्हणायचं हा आत का येत नाही.

‘तू एकट्यानं शहाणपणा करून काय होणार?’ २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी ११ लाख घरं रिकामी मोजली गेली. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत एकट्या मुंबईतला आकडा ४ लाख ८० हजारांचा दिला आहे. ही सगळी काही बिल्डरांची अडवून धरलेली घरं नाहीत. त्यात माझ्यासारख्यांचीही आहेत, ‘नीट माणूस मिळेपर्यंत राहू दे बंद’ म्हणून कुलूप लावलेली. आणि त्याच शहरांत रात्रपाळी करणारी माणसं वीस-वीस किलोमीटर जातात. एकेका कुलपाची किल्ली एकेका माणसाकडेच आहे, त्यामुळे एकट्यानं काहीच होणार नाही हे काही मला पटत नाही.

यंदा काय केलं

मे महिन्यात ते नवरा-बायको गेले. मी पहिल्यांदा त्या टेक्निशियनला फोन केला. नंबर होताच. मी कोण ते सांगायला थोडा वेळ लागला. म्हणाला, ‘आता नको सर, बायको इकडे रुळली. पण आठवण ठेवलीत.’ मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, ‘राहू द्या की.’ एवढंच. त्यात माफी होती की कंटाळा, मला कळलं नाही, आणि विचारायचा हक्कही नव्हता.

मग घर दोन मुलींना दिलं. एक नागालँडची, एक नांदेडची, दोघी एकाच कॉल सेंटरात. फोन अपेक्षेप्रमाणे आला. ‘मला काही प्रॉब्लेम नाही, पण मुली आहेत, रात्री-अपरात्री येणार...’ या वेळी मी तयारीत होतो. आठ दिवस आधीच लेखी कळवलं होतं, नोंदवलेल्या कराराची आणि पोलिसांकडच्या माहितीची प्रत जोडली होती. मी म्हणालो, ‘काका, ज्यांना प्रॉब्लेम आहे त्यांना लेखी द्यायला सांगा. नाव, फ्लॅट नंबर, आणि कोणत्या उपविधीखाली ते. मी लेखी उत्तर देतो.’

काका थोडं थांबले. मग म्हणाले, ‘अरे, एवढं कशाला?’

आज चार महिने झाले. एकही कागद आलेला नाही. मुली राहतायत, भाडं चार तारखेला येतं, पाचला नाही. लिफ्टमध्ये दोन घरं माझ्याशी बोलत नाहीत, तेवढी किंमत पडली. नागालँडच्या मुलीला मात्र अजून वॉचमन रोज गेटवर ‘किधर जाना है’ विचारतो. मी त्याच्याशी बोललोय, सेक्रेटरींशीही बोललोय, परत बोलणार आहे. म्हणजे प्रश्न सुटलाय असं नाही. किल्ली दिली म्हणजे सगळं दिलं असंही नाही.

तुम्ही पंचविशी-तिशीत असाल, तर पुढच्या काही वर्षांत तुमच्यातले बरेच जण असलंच एखादं छोटं घर घेतील आणि या ना त्या कारणानं भाड्यानं देतील. आज तुम्ही घर शोधताय, आडनाव सांगताना अडखळताय, ‘बॅचलर नॉट अलाउड’च्या पाट्यांचे स्क्रीनशॉट काढून स्टोरीला लावताय. मीही लावायचो. त्या पाटीच्या आतल्या बाजूला जायला मला फक्त एक गृहकर्ज पुरलं.

म्हणून एकच मागणं आहे. तुम्हाला तो फोन येईल. नक्की येईल. त्या दिवशी समोरच्याला म्हणा, लेखी द्या. आणि जो माणूस घर मागायला आलाय त्याच्याशी बोलताना तुमच्या तोंडात ते वाक्य येईलच, ‘मला काही प्रॉब्लेम नाही’. खरंच नसेल तर ‘पण’च्या आधी थांबा आणि किल्ली द्या.